लोटनने मिशी पणाला लावली त्याची हकिकत

ऋजुता हा गुण आपल्या पूर्वसूरींनी फार उंच आसनावर बसवला आहे. सत्पुरुषाची लक्षणे सांगताना तो अग्रपंक्तीत येतो, आणि त्याचे नुसते नाव घेतले तरी धवल वस्त्र, मंद वाणी, अर्धोन्मीलित नेत्र अशी एक प्रसन्न मूर्ती मनात उभी राहते. त्या मूर्तीविषयी मला आदर आहे. परंतु प्रत्यक्षात ऋजुता मी जेव्हा पाहिली तेव्हा ती तळहातावर तंबाखू मळत होती, तिच्या ओठांत दोन स्क्रू धरलेले होते आणि त्या स्क्रूंच्या फटीतून ती वीजमंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होती. तेव्हापासून या गुणाविषयीची माझी समजूत थोडी बदलली. सरळ माणूस तो, जो चुकत नाही, असे आपण समजतो. पण ज्याला चुकताच येत नाही त्याला सरळ राहण्यात कसले आले कष्ट? ऋजुतेची खरी परीक्षा विपुल प्रमाणात चुकणाऱ्यापाशीच होते. लोणखेड्याचा लोटन या बाबतीत कुबेर होता.

लोणखेड्यात कॉलेजच्या रस्त्यावर त्याचे संगणकदुरुस्तीचे दुकान होते. आयुष्याचा पूर्वार्ध त्याने विहिरीवरच्या मोटारी भरण्यात, म्हणजे त्यांच्यातली जळलेली तार काढून नवी गुंडाळण्यात घालवला. पुढे गावोगाव संगणक आले. पंप आणि संगणक यांत तत्त्वतः भेद नाही, अशी त्याची धारणा होती. "पानी येस नही म्हंजे कोठे तरी अडकेल शे," एवढ्या एका सूत्रावर त्याने संपूर्ण विद्या उभारली. दोषनिदान तो तत्काळ करी, निःशंकपणे करी, चारचौघांत करी, आणि बहुधा ते चुकीचे असे. चुकले की हाच मनुष्य निदानाच्या वेळेपेक्षाही मोठ्या आवाजात ओरडे, "मन्ही चूक!" त्या ओरडण्यात लाजेचा लवलेश नसे, पहिलटकरणीच्या बापाने पेढे वाटावेत तसा तो आपला प्रमाद वाटत सुटे. एकदा एका पतसंस्थेच्या छपाईयंत्राचा डोलारा त्याने पूर्ण सुटा करून टेबलभर मांडला, आणि मग यंत्रात कागदच घातलेला नव्हता असे निष्पन्न झाले. त्याने पायरीवर उभे राहून ही वार्ता रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनाही सांगितली. पतसंस्थेचे लोक मात्र आत तोंड लपवून बसले होते.

त्याच्या मुखमंडलावर एक मिशी होती. तिला मिशी म्हणणे म्हणजे सातपुड्याला टेकाड म्हणणे होय. मध्यभागी रुंद, दोन्ही टोकांना वर वळलेली, रोज एरंडेल पिऊन तृप्त झालेली. त्याची पत्नी धनुबाई म्हणत असे की घरात आम्ही तिघे राहतो, आणि तिघांत माझा क्रम शेवटचा.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. म्हसावदला मी संस्कृत शिकवतो. तेथे माझ्या शेजारी भिकुबाई, त्यांचा मुलगा चंदन आणि सून रुपा असे कुटुंब राहते. चंदन लग्नांचे चित्रण करतो. ती चित्रे कापणे, जोडणे, त्यांवर गाणी चढवणे हे काम रुपा घरी संगणकावर करते. अलीकडे आमच्या भागात एक नवा आचार रूढ झाला आहे. आज नवरीला हळद लागली की उद्या लग्नमंडपातल्या मोठ्या पडद्यावर ती हळद सर्वांना दिसली पाहिजे. मुहूर्त टळला तर भटजी सांभाळून घेतात. हळद पडद्यावर आली नाही तर मात्र व्याही एकमेकांशी बोलत नाहीत.

अशा ऐन लग्नसराईत रुपाचा संगणक तापू लागला. संगणकाच्या मेंदूला प्रोसेसर म्हणतात. तो विचार करताना तापतो. या बाबतीत तो आम्हा विद्वानांहून प्रामाणिक आहे, कारण आम्ही विचार न करताही तापतो. त्याला थंड ठेवण्यासाठी त्याच्या पाठीवर एक कूलर बसवलेला असतो. खाली धातूचा गुळगुळीत तळ, वर पातळ पत्र्यांची चळत आणि त्यावर एक छोटा पंखा. लोणखेड्याहून लोटनला बोलावले. त्याने तो जुना कूलर ओट्यावर उघडला, आणि आम्ही सर्व जण शिंकू लागलो. आजूबाजूच्या गच्च्यांवर वर्षानुवर्षे मिरच्या वाळत होत्या. त्यांचा खकाणा पंख्याने ओढून ओढून पोटात साठवला होता.

"हाई संगणक नही, हाऊ ठेचा शे!" डोळे पुसत लोटन म्हणाला. "भिकुमावशी, भाकर आन. बठ्ठा जेवण करी लेऊत." बठ्ठा म्हणजे सर्व जण.

नवा कूलर मागवण्याचे ठरले. पार्सल आले ते भिकुबाईंनी आधी देवापुढे नेले, कारण त्या घरात कोणतीही नवी वस्तू देवाला दाखवल्यावाचून वापरात येत नाही. मोटारसायकल असो, मिक्सर असो, कुंकू लागल्याखेरीज त्याचे बटण दाबले जात नाही. ही रीत मला मनापासून आवडते, आणि पुढे जे घडले त्यानेही ती आवड कमी झालेली नाही.

कूलर बसवण्याचा दिवस नेमका एका हळदीचा निघाला. चंदन सकाळीच कॅमेरा घेऊन हळदीच्या घरी गेला होता. तो दुपारी चित्रण आणून देणार, रुपाने ते रात्रीपर्यंत सिद्ध करायचे, दुसऱ्या दिवशी मंडपात दाखवायचे, अशी योजना होती. लोटन आला. ओट्यावर सतरंजी अंथरली, तिच्यावर संगणक आडवा निजवला. समोरच दोधूचे केशकर्तनालय. दोधू हा लोटनचा बालमित्र. गिऱ्हाईक नसले की तो वस्तरा खिशात घालून कोठेही हजर होत असे. तोही येऊन बसला. मला खुर्ची देण्यात आली.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये एक राखाडी लेप लावतात. त्याला पेस्ट म्हणतात. दोन्ही पृष्ठे एकमेकांना अगदी भिडली पाहिजेत, तरच उष्णता खालून वर जाते. लोटनने प्रोसेसरवर पेस्टचा ठिपका ठेवला, कूलर हाती घेतला, आणि तो ठेवता ठेवता पतसंस्थेच्या यंत्राची कथा दोधूला पुन्हा सांगू लागला. हात संगणकाकडे, मुख दोधूकडे.

"अरे, दखी दखी बसाड ना," दोधू म्हणाला.

"मन्हा हातस्ले डोया शेतस. तुन्हा वस्तरासारखा आंधया नही मी." आपल्या हातांनाच डोळे आहेत, असा त्याचा दावा होता.

चारही स्क्रू पिळले गेले. बटण दाबले. पंखा फिरला, पडद्यावर कंपनीचे चिन्ह उजळले, भिकुबाईंनी नमस्कार केला, आणि यंत्र बंद पडले. पुन्हा चालू केले. पुन्हा चिन्ह, पुन्हा नमस्कार, पुन्हा अंधार. तिसऱ्या वेळी भिकुबाईंनी नमस्कार आधीच उरकून घेतला. उपयोग झाला नाही.

रुपाचा चेहरा उतरला. तेवढ्यात चंदनचा फोन आला. हळद लागली, आणखी थोड्या वेळात येतो. फोन ठेवून ती म्हणाली, "लोटन भाऊ, आज हाई काम व्हयनं नही तं पुढला लगीन शहादावाला लई जातीन." शहाद्याला याच धंद्यातला एक प्रतिस्पर्धी होता.

"कोनी लई जास नही. सप्लाय बिगडेल शे," लोटन म्हणाला. सप्लाय म्हणजे यंत्राला वीज पुरवणारी पेटी. त्याने स्वतःजवळची दुसरी जोडली. यंत्र उजळले आणि विझले.

"सप्लाय चांगला शे. मन्ही चूक!" त्याने आनंदाने घोषित केले. "दोष रॅममा शे."

रॅमची, म्हणजे यंत्राच्या स्मरणाची, पट्टी निघाली, शाळेतल्या खोडरबराने घासली गेली, कपाळाला लावून परत बसवली गेली. यंत्र विझले. मग गावचा विजेचा दाब संशयित ठरला. माझ्या घरातून लांब तार ओढून आणली. माझ्या विजेवरही ते विझले. "गुरुजी, तुम्हनी लाईटबी संस्कृत बोली ऱ्हायनी, संगणकले समजत नही," असे म्हणून त्याने तार काढली. मग पंख्याची तार कंपनीनेच उलटी जोडून पाठवली आहे, असे त्याने ठरवले आणि ती फिरवून खोचली. हा तर साक्षात मुद्देमाल. पंखा फिरेना. "मन्ही चूक!" अशी आरोळी झाली, तार पूर्ववत झाली, आणि यंत्र अधिक व्यवस्थितपणे बंद पडले.

तर्कशास्त्रात परिशेष नावाची एक पद्धत आहे. जे जे नाही ते ते बाजूला सारावे, शेवटी उरेल ते कारण. लोटन परिशेषानेच चालला होता. फक्त स्वतःचा हात तो संशयितांत धरीत नव्हता. तो धरला दोधूने.

"लोटन्या, सकायपासून बठ्ठास्ले चोर म्हनी ऱ्हायना तू. कूलर कोनी बसाडा? तू. बिघाड कव्हय व्हयना? त्याना नंतर. तुन्हंच काहीतरी हुकनं."

ओट्याभोवती एव्हाना अर्धी गल्ली जमली होती. आजवर लोटनने शेकडो चुका मान्य केल्या होत्या. पण त्या सर्व निदानाच्या, म्हणजे तोंडाच्या होत्या. हाताची चूक काढणे ही गोष्ट निराळी. ज्या हाताने तीस वर्षे अंधाऱ्या विहिरीत उतरून मोटारी बांधल्या त्या हाताविषयी तो अत्यंत हळवा होता. त्याने ओठांतले स्क्रू काढले.

"आयक दोधू. बठ्ठी गल्ली आयका. मन्हा हातनी चूक निंघनी ना, तं ही मिशी तुन्हा वस्तराखाले. आनि नही निंघनी तं तू चौकमा उभा ऱ्हाईसन सांगशी, लोटनना हात देवना हात शे."

"चालस!" दोधू म्हणाला, आणि त्याने वस्तरा उघडून तो धोतराला पुसला.

हशा उसळला. रुपा मात्र हसली नाही. तिने यंत्र चालू करून, ते विझण्यापूर्वी, आतली तापमानाची नोंद पडद्यावर आणली होती. "दखा," ती म्हणाली. आकडा शिडीवर चढणाऱ्या माकडासारखा वर वर जात होता. टोकाला पोहोचला आणि सर्व विझले.

"आकडा खोटा शे," लोटन म्हणाला.

"आनि कूलर वाकडा दखास."

"तुन्ही मान वाकडी शे, पोरी."

पण त्याने वाकून पाहिले. एका बाजूचे स्क्रू पार बुडाले होते, दुसऱ्या बाजूचे वर राहिले होते. लोटनने स्क्रू सैल केले, कूलर उचलला आणि उलटा केला. राखाडी लेपात, बरोबर एका कडेशी, तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. त्याच्या भोवती कुंकवाचे लालसर ओघळ होते. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये तो एकच दाणा एखाद्या हट्टी पाहुण्यासारखा आडवा झोपला होता. त्याच्यामुळे तळ भिडत नव्हता आणि खालची उष्णता खालीच कोंडत होती.

मग दोधू मोठ्याने म्हणाला, "अक्षता!" आणि सर्वांच्या माना भिकुबाईंकडे वळल्या.

भिकुबाई वयाने सत्तरीच्या, आवाजाने विशीच्या. "मी लावेल शेतस," त्या ठसक्यात म्हणाल्या. "नवी वस्तू घरमा उनी, तं कुंकू-अक्षता नको लावू का? तेन्हा तोंडवर प्लास्टिकनी पापडी व्हती, ती काढी आनि मंग लावं. प्लास्टिकले कुंकू लावतस का कोठे?"

"माय, ते तोंड नही, ते बूड शे!" लोटन ओरडला.

"माले काय माहीत? जे चमकस तेले मी तोंड म्हनस."

या व्याख्येत दोष काढणे मला तरी शक्य झाले नाही. आरशासारखा तो तांब्याचा तळ आणि त्याच्यावर काळ्या पत्र्यांची जटा. देव कोणत्या बाजूने पाहत असेल, असे विचारले असते तर मीही तळच दाखवला असता.

गल्लीने मात्र निकाल लावून टाकला. कोणी म्हणाले म्हातारीने यंत्र बुडवले. कोणी म्हणाले आता हिच्या हाती मिक्सरसुद्धा देऊ नका. रुपा सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. भिकुबाईंचा ठसका उतरत चालला होता. पदराचे टोक त्यांच्या बोटांना सापडले होते. आणि दोधू, ज्याने त्या मिशीकडे वर्षानुवर्षे व्यावसायिक दृष्टीने पाहिले होते, त्याने निःश्वास सोडून वस्तरा मिटला. "जाऊ दे," तो म्हणाला. "चूक म्हतारीनी शे. लोटन्या, तुन्ही मिशी वाचनी."

सुटकेचा दरवाजा इतका सताड उघडा असतो तेव्हा माणूस कसा वागतो ते पाहण्यासारखे असते. लोटन कूलर हातात धरून त्या दाण्याकडे बघत होता. आरोळी आली नाही. आवाज खाली आला.

"मावशीनी दाना ठेवा," तो म्हणाला. "मंग वस्तू मन्हा हातमा उनी. पलटाईसन दखं कोनी नही? मी नही. बूड पुसं कोनी नही? मी नही. डोया कोठे व्हतात? तुन्हाकडे, दोधू, तुन्हा थोबाडवर."

"अरे पन चूक तिन्ही शे!"

"दाना तिन्हा शे. चूक मन्ही शे. हातनी शे." आणि मग, सवयीने, सर्व बळ एकवटून: "मन्ही चूक!"

यावेळी त्या शब्दांत आनंद नव्हता. ते ओरडताना त्याचा डावा हात मिशीकडे गेला होता आणि तिचे टोक त्याने धरून ठेवले होते.

भिकुबाईंना कंठ फुटला. "मंग मी काय सांगी ऱ्हायनू? मी देवना दाना ठेवा. तू डोया ठेवा व्हता का?"

"नही ठेवा, माय. नही ठेवा."

दोधूच्या दुकानातून स्पिरिट आणि कापूस आला. लेप, कुंकू, सर्व पुसले गेले. दाणा भिकुबाईंनी मागून घेतला, कारण अक्षता केरात जात नाहीत. तो त्यांनी तुळशीच्या मातीत ठेवला. नवा ठिपका पडला. या वेळी लोटन कूलर ठेवताना एक अक्षर बोलला नाही. त्याला इतका वेळ गप्प असलेला म्हसावदने कधी पाहिला नव्हता. दोनचार जणांना तर त्याची प्रकृती बिघडली असे वाटले. चारही स्क्रू त्याने आळीपाळीने, थोडे थोडे, खाटेचे पाय बसवावेत तसे आवळले. बटण दाबले. चिन्ह उजळले. ते गेले आणि त्याच्या जागी रुपाने लावलेले तिच्या लग्नातले छायाचित्र आले. तापमानाचा आकडा थोडा वर गेला, विचारात पडला आणि तेथेच बसून राहिला. त्याच वेळी चंदन गल्लीच्या तोंडाशी दिसला. सदऱ्यावर हळद, हातात कॅमेऱ्याचे कार्ड. इतकी माणसे का जमली, असे तो विचारत होता. कोणी त्याला उत्तर दिले नाही, कारण सर्व जण रस्ता ओलांडून दोधूच्या दुकानाकडे निघाले होते.

लोटन खुर्चीत बसला. दोधूने कापड बांधले, साबण फेसला, वस्तरा उघडला आणि हात तसाच हवेत ठेवला.

"काढ ना रे. इतला वरीस नजर लाई बठेल व्हता ना?"

"असं काढामा मज्या नही, लोटन्या," दोधू खिन्नपणे म्हणाला. "तू भांडना पाहिजे व्हता."

"भांडू? कोनासंगे? तुन्हा आरसामा तं मीच दखाई ऱ्हायनू. काढ."

मिशी निघाली. तिच्या खाली एक लांबट, फिकट आणि काहीसा बाळबोध ओठ निघाला, जो आमच्यापैकी कोणीही कधी पाहिला नव्हता. एका बाईने, वर्षानुवर्षे परगावी राहून आलेला मनुष्य ओळखू न यावा तसे, हा कोण असे विचारले. लोटनने आरशात पाहिले आणि म्हणाला, "हाऊ तं मन्हा धाकला भाऊ शे." सगळे हसले. तोही हसला, पण ओठाला हसण्याची सवय नव्हती, त्यामुळे ते हसू जरा उशिरा पोहोचले.

दुसऱ्या दिवशी मंडपातल्या पडद्यावर हळद झळकली. रुपाचे काम कोणी नेले नाही. लोटनचे काही काम मात्र गेले. लोणखेड्यात वार्ता पसरली की त्याने म्हसावदला एक यंत्र बिघडवले आणि त्यापायी त्याची मिशी गेली, आणि कॉलेजची काही मुले आपापली यंत्रे शहाद्याला नेऊ लागली. त्याने ती वार्ता दुरुस्त केली नाही. दाण्याची गोष्ट तो स्वतः सांगे, पण ती अशी, की कूलर न पाहता बसवणारा गाढव कोण, हे आधी यावे आणि अक्षता कोणाच्या होत्या हे विसरून जावे. "एक म्हतारी व्हती," एवढेच तो म्हणे. धनुबाईंनी त्या दिवशी त्याला दारातच अडवून, आमचा माणूस कामावर गेला आहे, संध्याकाळी या, असे सांगितले होते. हेही तोच सांगत असे. त्यानंतर त्याच्या दुकानात कोणतीही नवी वस्तू आली की तो ती उलटी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे धरी आणि विचारी, "देव बठेल शे का? दखी ल्या." गिऱ्हाईक शहरी असेल तर त्याला हा प्रश्न कळत नसे.

मिशी पुढे यथावकाश वाढली, आता पांढरी, आणि एरंडेल तिला पूर्वीसारखे मानवले नाही. त्याच्या चुका कमी झाल्या असे मी म्हणणार नाही. निदाने तो तशीच ठणकावून करीत राहिला आणि तशीच मागे घेत राहिला.

मागल्या कार्तिकात छातीत कळ येऊन तो गेला. लोणखेड्याचे दुकान बंद आहे. धनुबाई लेकीकडे नवापूरला असतात. म्हसावद, लोणखेडा आणि आसपासच्या गावांत त्याने दुरुस्त केलेले काही संगणक अजून चालतात, आणि जे बंद पडतात ते आता शहाद्याला न्यावे लागतात.